श्री. वन विभाग यांच्या अंगातली गोळी

माझे बाबा पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर होते. म्हणजे बंदुकांचे मेकॅनिक. रायफली उघडायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, परत जोडायच्या आणि वाळूच्या पोत्यांवर झाडून पाहायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. मी जनावरांची डॉक्टर. माझी नेमणूक कुही तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. रोज सकाळी शहरातल्या मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमधून निघते आणि संध्याकाळी अंगाला गोठ्याचा वास घेऊन परत येते. एका छताखाली राहूनही आम्ही दोघांनी एकमेकांच्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मला बंदुकांची भीती वाटायची आणि बाबांना शेणाची.

धानकापणीचे दिवस होते. मी नुकतीच दवाखान्यात पोचले होते, तोच वनरक्षकाचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. चितळ हाय. नर. नहराच्या बाजूले धानाच्या बांधीत पडून हाय. जित्तं हाय."

आमच्या दवाखान्यात माझ्याशिवाय एकच माणूस. त्याच्या पदाचं सरकारी नाव 'पट्टीबंधक', गावातले त्याला कंपाउंडर म्हणतात. पन्नाशी उलटलेला, माझ्याआधीचे चार डॉक्टर पाहिलेला. निदान तो माझ्याआधी करतो आणि बोलतो माझ्यानंतर. त्याने काही न विचारता पेटी उचलली आणि माझ्या गाडीवर मागे बसला.

कालव्याकाठच्या त्या भातशेताच्या बांधीभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मध्ये ते चितळ, पाय पोटाखाली घेऊन बसलेलं. शिंगं अजून मखमली, बोटाने दाबली तर दबतील अशी. माणसाची चाहूल लागली की बांधच्या बांध ओलांडणारं जनावर, ते आमच्याकडे नुसतं पाहत होतं आणि त्याची नाकपुडी भात्यासारखी हलत होती. चितळाची जात नाजूक. जखमेने मरणार नाही, पण गोंगाटाने आणि भीतीने काळीज बंद पडून मरेल. मी वनरक्षकाला हळूच म्हटलं, "आधी ही गर्दी हटवा."

वनरक्षक तरुण होता, पण हुशार. त्याने काठी वगैरे काही उगारली नाही. खिशातून वही काढली आणि शांतपणे म्हणाला, "पंचनामा करायचा हाय. दोन पंच लागते. कोर्टात यावं लागन. कोण कोण हाय इथं?"

मिनिटभरात बांधी रिकामी झाली.

मी माझी ओढणी चितळाच्या डोळ्यांवर बांधली, कानात कापूस घातला आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. मान सैल पडली तेव्हा नीट पाहता आलं. डाव्या खांद्यावर एक भोक होतं, तुरीच्या दाण्याएवढं. भोवती वाळलेलं रक्त. उजवीकडे काहीच नाही. म्हणजे काहीतरी आत गेलं होतं आणि आतच राहिलं होतं.

"गोळी हाय मॅडम," वनरक्षक म्हणाला. "मले ते गोळी पाहिजे. गोळीशिवाय केस उभी राहत नाही."

मी सळई घालून मार्ग शोधू लागले. बोटभर आत गेल्यावर हाड लागलं आणि तिथून पुढे रस्ताच हरवला. इकडे आमचा पट्टीबंधक चितळाच्या अंगावरून मागेपर्यंत हात फिरवत होता.

"मॅडम, इथं शेवटच्या बरगडीमागं गाठ लागून राहिली."

"गोचीड असेल," मी म्हटलं.

"गोचीड एवढी कडक नसते."

"मग फोड असेल. तुम्ही खांद्याजवळ उजेड धरा."

त्याने उजेड धरला. गोळी काही सापडली नाही. अखेर मी ते केलं जे नोकरीच्या पंधरा वर्षांत केलं नव्हतं. कामाबद्दल विचारायला बाबांना फोन लावला.

"काय झालं वं? गाडी बंद पडली?"

"बाबा, तुरीच्या दाण्याएवढं भोक आहे. गोळी कोणती असेल?"

बाबांचा आवाज एकदम वेगळाच झाला. बराकीत ऐकू जावा असा.

"कोणाले लागली?"

"चितळाला. खांद्यात."

"भोकाच्या कडा फाटल्या का गोल हाय?"

"गोल."

"बाहेर निघाली?"

"नाही."

"पॉइंट टू-टू," बाबा म्हणाले. "शिसाची असते. मऊ. वरून तांब्याची टोपी नाही का काही नाही. आमच्याकडं नवीन भरतीच्या पोरायले सरावासाठी देत होतो. कागदावर मारायची गोळी वं ते! हरणावर कायले झाडली त्या गधड्यानं?"

"ते त्यालाच माहीत. ती आत किती जाते?"

"वाळूत का हरणात?"

"बाबा!"

"वाळूतलं मी तुले इंचात सांगतो. हरणाचं मले काय माहीत? पण आयक. मोठ्या रायफलीची गोळी सरळ जाते, मधात जे येईन ते फोडून जाते. हे गोळी हलकी. घरी पाहुणा आल्यासारखं हाय तिचं. दारातून शिरली एवढं नक्की, पुढं कुठं बसन काही नेम नाही. हाड लागलं तं वळते, कातडीखालून सरकते, दम संपला तिथं थांबते. तू भोकापाशी उकरू नको. एक्सरे काढ."

सल्ला बरोबर होता. पण एक्स-रे काढायचा कुठे? आमच्या दवाखान्यात यंत्र नाही. शहरातल्या वन्यप्राणी उपचार केंद्राची गाडी बिबट्या पकडायला दुसऱ्या टोकाला गेली होती, आणि दीड तास वन विभागाच्या पिकअपमध्ये हादरे खात हे जनावर जगलं नसतं. मी, वनरक्षक आणि पट्टीबंधक, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांच्याही मनात एकच जागा होती: बस स्टँडसमोरचा हाडांचा दवाखाना. माणसांच्या हाडांचा.

वनरक्षकाने साहेबांची फोनवर परवानगी घेतली. पिकअपमध्ये धानाचं तणस पसरलं, बाजेवर चितळ ठेवलं आणि आम्ही निघालो.

हाडांचे डॉक्टर माझ्याच वयाचे. कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी दारातूनच बाजेकडे पाहिलं आणि हात खिशात घातले.

"किती वेळ बेशुद्ध राहील?"

"पाऊण तास."

"आणि आधीच उठलं तर?"

"तर आपण सगळ्यांनी टेबलावर चढायचं," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि दार पूर्ण उघडलं.

बाहेरच्या बाकांवर नंबर लावून माणसं बसली होती. कोणाचा हात गळ्यात, कोणाच्या पायाला प्लास्टर. पहिला नंबर होता एका आजीचा. गुडघे धरून ती सकाळपासून बसली होती. तिने बाजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याचा नंबर कितवा हाय वं बाई?"

"आजी, याला जरा घाई आहे."

"मंग जाऊ द्या बापा आधी. माहा गुडघा कुठं पळून नाही राहिला."

मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आवाज झाला तर हे जनावर भीतीने मरेल, कृपा करून कोणी बोलू नका. त्या ओसरीत अशी शांतता पसरली की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. आणि नेमका प्लास्टरवाल्याचा मोबाइल वाजला, ढोलताशासकट. तो एका पायावर उड्या मारत रस्त्यावर गेला. त्याच्या मागून आजीने ओठ न हलवता जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही.

आत नवीनच अडचण. एक्स-रेच्या टेक्निशियनने कॉम्प्युटर सुरू केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाव?"

"कोणाचं?"

"पेशंटचं. नाव, आडनाव, वय आणि लिंग भरल्याशिवाय मशीन चालत नाही मॅडम."

"चितळ लिहा."

"आडनाव?"

पाऊण तासातली दहा मिनिटं गेलेली. वनरक्षक घाईने म्हणाला, "वन विभाग लिहा नं गा!" टेक्निशियनने दोन रकाने पाहिले आणि त्याला जसं जमलं तसं भरलं. नाव: वन. आडनाव: विभाग. पुरुष. वय चार. पडद्यावर ठसठशीत अक्षरं उमटली, 'श्री. वन विभाग', आणि मशीनने समाधानाने टुंई केलं.

पहिला फोटो खांद्याचा. फऱ्याच्या हाडाला छोटासा टवका गेलेला आणि त्याभोवती पांढरे बारीक कण, रांगोळी सांडावी तसे. गोळी मात्र नाही. मी पुन्हा बाबांना फोन लावला आणि आम्ही कुठे आहोत, फोटोत काय दिसतंय, ते कुजबुजत सांगितलं.

"कण दिसते नं? ते शिसं हाय. हाडाले घासून गेली ते," बाबा ओरडले. "मागं जा! शेपटीपर्यंत फोटो काढ!"

"बाबा, तुम्ही ओरडता कशाला? आणि हा आवाज कसला आहे?"

"एसटीत हाय मी. उमरेड रोडवर."

"कशाला?"

"मले पाहाची हाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या फोटोत गोळी सापडली. शेवटच्या बरगडीच्या मागे, कातडीच्या लगेच खाली, पांढरीशुभ्र. पुढून, जरा तिरपी आलेली गोळी खांद्याच्या हाडावर आपटली होती, वळली होती, आणि सगळ्या बरगड्यांवरून घसरत हातभर मागे जाऊन बसली होती. छातीच्या आत शिरलीच नव्हती. मी पडद्यावरच्या त्या जागेकडे पाहिलं, मग चितळाच्या अंगावरच्या. मग नाइलाजाने पट्टीबंधकाकडे. त्याने डोळे अगदी सावकाश मिटले, उघडले.

"गोचीड," तो म्हणाला.

तिसरा फोटो मागच्या मांडीचा. तिथे आणखी एक ठिपका होता, कमरेत बारीक, डमरूसारखा. भोवती जुनं, पक्कं झालेलं मांस. तो एअरगनचा छर्रा असणार, हे मलाही कळलं. कोणीतरी फार पूर्वी मारलेला. श्री. वन विभाग यांना गोळ्यांचा अनुभव होता तर. तो छर्रा त्रास देत नव्हता, म्हणून मी त्याला तिथेच राहू दिलं.

दवाखान्याच्या मागच्या पडवीत बाजेवरच काम उरकलं. गुंगीचा आणखी थोडा डोस, कातडीत बधिर करायचं इंजेक्शन, आणि बोटाच्या पेराएवढी चीर. चिमटा आत घालणार तेवढ्यात बाबांचा मेसेज आला: 'चिमट्याले रबर लाव. गोळीवर रायफलीच्या रेघा असते. चरा पडला तर पुरावा गेला.' मी सलाईनच्या नळीचे दोन तुकडे कापून चिमट्याच्या टोकांना घातले. गोळी अलगद निघाली आणि प्लास्टिकच्या बाटलीत टक् करून पडली. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने चावून थुंकलेल्या सुपारीसारखी.

आता पंच हवे होते. पहिला पंच टेक्निशियन झाला, कारण तो पळून जाऊ शकत नव्हता. दुसऱ्यासाठी वनरक्षक ओसरीत गेला आणि ओसरी भराभर रिकामी होऊ लागली. हलली नाही ती फक्त आजी.

"मी होईन पंच," ती म्हणाली. "पण वाचल्याशिवाय सही नाही करत मी."

वनरक्षकाने तिला पडवीत आणून छापील कागद दिला. आजीने चष्मा लावला आणि बोट ठेवून एक एक ओळ वाचू लागली. आम्ही चौघं उभे. चितळाचा कान हलू लागलेला.

"हे काय लिहिलं? 'मृत वन्यप्राण्याच्या शरीरातून'?"

"आजी, तो छापील मजकूर हाय. सगळ्यायले तेच असते."

"तुमच्या छापील मजकुरासाठी मारू काय त्याले? जित्तं हाय ते. खोडा."

वनरक्षकाने 'मृत' खोडलं, वर 'जिवंत' लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मग आजीने आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि गाव असं पूर्ण लिहिलं.

चितळ पिकअपमध्ये चढवून मी शुद्धीवर आणायचं इंजेक्शन भरत होते. वनरक्षक बाटलीला लाखेचं सील लावण्यासाठी मेणबत्ती पेटवत होता. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "थांबा गा! सील नका लावू!"

बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात भिंग आणि बारीक मापं घ्यायच्या व्हर्नियरची डबी. निवृत्तीनंतर इतके नीट तयार झालेले मी त्यांना नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

"काका, हात नाही लावता येत," वनरक्षक म्हणाला.

"हात कोण लावून राहिला?"

त्यांनी बाटली उजेडात धरायला लावली, भिंग डोळ्याशी नेलं आणि बाहेरूनच मापं घेतली. वनरक्षक बाटली फिरवत होता, बाबा 'अजून, अजून, बस' म्हणत होते. "या बाजूच्या रेघा शाबूत हाय," ते अखेर म्हणाले. "रायफलच हाय. बंदूक सापडली तं जुळन." मग माझ्याकडे वळून, "चिमटा चांगला धरला."

माझ्या डॉक्टरकीबद्दल बाबांनी काढलेलं हे पहिलं चांगलं वाक्य, आणि तेही चिमट्याबद्दल.

"ते कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी पिकअपकडे बोट दाखवलं. बाबा फळीशी जाऊन उभे राहिले. चितळाच्या डोळ्यांवर अजून माझी ओढणी होती. अंगावरची कातडी थरथरत होती, आणि खांद्यावर औषधाचा निळा डाग. बाबा खूप वेळ पाहत राहिले. माझं इंजेक्शन देऊन झालं तरी ते हलले नव्हते.

"हजारो गोळ्या झाडल्या असतीन मी," ते हळू म्हणाले. "वाळूत, फळीत, कागदात. भोक कुठं पडलं ते पाहाचं, वहीत लिहाचं. झालं काम. हे असं मी कधी पाह्यलंच नव्हतं वं."

त्यांनी हात पुढे केला. "लावू?"

"नको बाबा. घाबरेल."

त्यांनी हात खिशात घातला.

चितळाला वन विभागाच्या रोपवाटिकेत, हिरवी जाळी लावलेल्या आवारात ठेवलं. रोज ड्रेसिंगला मी जायचे. तिसऱ्या दिवशी बाबाही तिथे हजर. तपासात मदत म्हणून आलो, म्हणाले. पाचव्या दिवशीही तेच. सातव्या दिवशी त्यांनी वनरक्षकाला घेऊन नहर गाठला. एक्स-रेच्या फोटोंवरून गोळी कुठून आली असेल याचा त्यांनी कागदावर हिशेब मांडला होता. चितळ कुठे उभं असेल, तोंड कुणीकडे असेल, हे पट्टीबंधकाने बांधीत उभं राहून दाखवलं. त्याला चार पायांवर उभं राहायला सांगितलं होतं, म्हणून तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण नहराच्या पाळीवर, बाबांनी दाखवलेल्या जागेपासून दहा पावलांवर, गवतात गोळीची एक रिकामी पितळी पुंगळी सापडली. करंगळीच्या पेराएवढी. वनरक्षकाने बाबांना मिठी मारली. पुंगळी आणि गोळी, दोन्ही तपासणीला गेल्या. अहवाल बाबांच्या म्हणण्याशी जुळला. बंदूक मात्र आजपर्यंत सापडलेली नाही, आणि वनरक्षक भेटला की बाबा त्याला सगळ्यात आधी तेच विचारतात.

जखम भरली. चितळ चारही पायांवर भार देऊ लागलं, मग एके दिवशी जाळीला शिंगं घासू लागलं, तेव्हा मी म्हटलं, आता सोडा.

सकाळच्या उन्हात पिकअप जंगलाच्या कडेला उभी केली. एका बाजूला सागाचं रान, दुसऱ्या बाजूला कापायचं राहिलेलं धान. फळी उघडली. चितळ बाहेर येईना. वनरक्षकाने गाडी थोपटली, पट्टीबंधकाने मागून तणस हलवलं. काही नाही. मग अचानक एका झेपेत ते खाली उतरलं, इकडेतिकडे पाहिलं आणि शांतपणे धानाकडे चालू लागलं.

"अरे, तिकडं नाही गा!" बाबा ओरडले आणि सगळ्यांच्या आधी धावले. सत्तरीचा माणूस, दोन्ही हात पसरून, चिखलातून. मागून वनरक्षक, त्याच्यामागे मी ओढणी हलवत. चितळाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. ते वळलं, बाबांपासून हातभर अंतरावरून गेलं, मधली नाली एका उडीत ओलांडली आणि सागात शिरलं. पाय जरासुद्धा ओढत नव्हतं.

बाबा तिथेच उभे होते, धापा टाकत, हसत. मग खाली पाहून म्हणाले, "माही चप्पल कुठी गेली?"

एका पायात चप्पल होती, दुसरा नुसता चिखल. मी, वनरक्षक आणि पट्टीबंधक, तिघं बाह्या सारून बांधीत वाकलो. बाबा बांधावर बसून सांगत होते: थोडं डावीकडं, नाही नाही, मांगं. बऱ्याच वेळाने ती पट्टीबंधकाला सापडली. त्याने ती नालीच्या पाण्यात खळबळून धुतली, झटकली आणि बाबांच्या पायाजवळ ठेवली.

"काका," तो म्हणाला, "घाला आता. जेवाची वेळ झाली."